चवदार तळ्याचा अर्थ

एखादी वास्तू, एखादा पार किंवा एखादे तळे जन्मतःच कशाचेही प्रतीक नसते. दगडाला आणि पाण्याला स्वतःचा असा अर्थ नाही. माणसे त्यांच्याभोवती जशी वागतात, तसा अर्थ त्यांना येतो, आणि माणसांचे वागणे पालटले की तो अर्थही पालटतो. ही गोष्ट तळ्यांच्या मुलखात राहणाऱ्या आम्हां झाडीतल्या लोकांना कोणी वेगळी शिकवावी लागत नाही. सडक अर्जुनीच्या आसपास ज्या दिशेला जावे त्या दिशेला तळे आहे. कोहळी मंडळींनी पाळी घालून पाणी अडविले, त्यावर धानाच्या बांध्या भिजल्या, ढिवरांनी मासे धरले, शिंगाडे लावले. पुढे ही तळी मालगुजारांची झाली, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर ती सरकारकडे आली. आज त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, आणि लोक त्याचेच लाडके रूप करून 'मामा तलाव' म्हणतात. पाणी तेच राहिले. मालकी बदलली आणि नावही बदलले.

तळ्याचा अर्थ असा बदलू शकतो, म्हणूनच महाराष्ट्रातल्या एका तळ्याचा अर्थ कसा बदलला हे नीट वाचून पाहावे, असे फार दिवस मनात होते. ते तळे म्हणजे महाडचे चवदार तळे. आजकाल सभासंमेलनांत, शाळांच्या भाषणांत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत त्याचे वर्णन 'समतेचे आणि ऐक्याचे प्रतीक' असे करण्यात येते. हे वर्णन खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु जे वर्णन फार सहज जिभेवर येते, त्याच्याकडे टीकाकाराने जरा थांबून पाहिले पाहिजे. कथेचा शेवट गोड आहे, एवढ्यावरून ती कथा आपल्याला समजली असे होत नाही. दुभंगाची खूण असलेले हे तळे ऐक्याची खूण कशाने झाले, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम आपल्या परंपरेकडे पाहू. पाण्याच्या गोष्टी आपल्या घरोघर सांगितल्या जातात. नाथमहाराजांची गोष्ट तर लहान मुलांनाही पाठ असते : काशीहून कावडीने आणलेली गंगा त्यांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखात घातली, आणि रामेश्वराला ती पोचली असे मानले. महाभारतातली यक्षप्रश्नांची कथाही सर्वांच्या परिचयाची. सरोवराचे पाणी तहानेल्या पांडवांच्या समोर आहे. पण राखणदार यक्ष म्हणतो, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे द्या. उत्तर न देता पाणी प्यालेले चौघे बंधू काठावर पडतात, आणि धर्मराज आपल्या उत्तरांनी त्यांना परत मिळवतो. या दोन्ही कथांत पाणी ही माणसाच्या धर्माची परीक्षा आहे. एकीत प्राण्याची तहान तीर्थापेक्षा मोठी ठरते. दुसरीत माणसाच्या ज्ञानावर आणि न्यायबुद्धीवर पाण्याचा अधिकार ठरतो.

आता याच महाराष्ट्रातल्या महाडकडे वळू. रायगडाच्या पायथ्याच्या प्रदेशातले, सावित्री नदीच्या काठचे हे गाव त्या काळी कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. १९८१ पासून त्या जिल्ह्याला रायगड जिल्हा म्हणतात. गावाच्या मध्यभागी हे तळे. त्यावर सवर्ण हिंदू पाणी भरीत, अन्य धर्मांचे लोक भरीत, गुरेढोरे पाणी पीत. फक्त अस्पृश्य मानलेल्या माणसाला मनाई होती. येथेही एक यक्ष काठावर बसला होता, पण त्याचा प्रश्न एकच होता : तू कोणाच्या पोटी जन्मलास? आणि या प्रश्नाचे उत्तर कितीही खरे दिले, तरी ते चुकीचेच ठरत असे. गाढवाला गंगा पाजणाऱ्या संताची पालखी खांद्यावर घेणारा समाज हे करीत होता, ही गोष्ट दिवाळीच्या अंकातही लपवून ठेवण्यासारखी नाही.

हे फक्त महाडचेच होते असे नव्हे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, त्यालाही मोठे धैर्य लागले होते. पण तो हौद त्यांचा स्वतःचा होता. गावाच्या सार्वजनिक पाण्याचा प्रश्न त्याहून अवघड. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडून तो संमत करून घेतला : सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपलेही तळे खुले असल्याचे ठरविले. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात तीन वर्षे कोणी तिकडे फिरकले नाही. कारण ठराव लिहिणाऱ्या हाताला धोका नसतो, ओंजळ भरणाऱ्या हाताला असतो.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी तिच्यासाठी खस्ता खाल्ल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. परिषदेच्या तपशिलांतला एक तपशील मला फार बोलका वाटतो : तळे नगरपालिकेच्या ठरावाने खुले असताना परिषदेला आलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. त्या काळचे चाळीस रुपये! एखाद्या कादंबरीकाराने हा प्रसंग कल्पनेने रचला असता, तर आम्ही टीकाकारांनीच 'अतिशयोक्ती' म्हणून त्याला नावे ठेवली असती.

दुसऱ्या दिवशी, समारोपाच्या वेळी, अनंतराव चित्रे यांनी सुचविले की आपण सर्वांनी मिळून तळ्यावर जावे. शिस्तीने रांग निघाली. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, आणि त्यांच्यामागून हजारो माणसांनी घेतले. थोड्याच वेळात गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मांडवात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेवर असलेल्या माणसांवर हल्ले झाले. काहींना मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरांत आसरा दिला. त्यानंतर तळ्याचे शुद्धीकरण झाले : एकशे आठ घागरी पाणी काढून, त्यात दूध, दही, शेण, गोमूत्र घालून, मंत्र म्हणत ते पुन्हा तळ्यात ओतण्यात आले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला.

हे शुद्धीकरण म्हणजे काय, हे टीकाकाराच्या नजरेने पाहावे. ज्यांनी ते केले त्यांच्या मनात ती एक भाषा होती. ओंजळीने केलेल्या विधानाला त्यांनी घागरीने उत्तर दिले. ओंजळ म्हणाली, 'आम्ही माणसे आहोत'; घागर म्हणाली, 'तुमच्या स्पर्शाच्या खुणासुद्धा आम्ही राहू देणार नाही.' तळे दुभंगाचे प्रतीक होते असे आपण म्हणतो, त्याचा नेमका अर्थ या एकशे आठ घागरींत आहे. मनाई ही नुसती मनाई नव्हती. तुम्ही येथे आला होता, ही आठवणच पुसून टाकण्याचा तो विधी होता.

आता त्या वर्षाच्या डिसेंबरातले भाषण. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दुसरी परिषद भरली. तिच्यासाठी कोणी जागा देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. त्या परिषदेतले बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण मराठी गद्याचा नमुना म्हणून वाचावे, अशी माझी वाचकांना शिफारस आहे. शाळेत निबंधकार म्हटले की चिपळूणकर, आगरकर, टिळक ही नावे आपण मुलांकडून घोकून घेतो. त्या पंक्तीत 'बहिष्कृत भारत'चे संपादक क्वचितच बसविले जातात. वास्तविक हे पाक्षिक महाडच्या पहिल्या परिषदेनंतर पंधरवड्यातच, ३ एप्रिल १९२७ रोजी, सुरू झाले. त्याच्या शिरोभागी ज्ञानेश्वरांच्या ओव्या असत. आणि त्यातले अग्रलेख तर्काची शिस्त आणि बोलीचा रोखठोकपणा यांनी भरलेले आहेत.

त्या भाषणातला मुख्य विचार असा, तो माझ्या शब्दांत सांगतो. हे पाणी प्यालो म्हणून आम्ही अमर होणार नाही. आजवर ते प्यालो नाही म्हणून आम्ही मेलोही नाही. आम्ही तळ्यावर जातो ते इतरांप्रमाणे आम्हीही माणसे आहोत हे दाखविण्यासाठी. ही सभा समतेची मुहूर्तमेढ रोवण्यासाठी आहे. मग ते या सभेची तुलना १७८९ सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी करतात. एका लहानशा कोकणी गावातल्या तळ्याचे भांडण आणि व्हर्सायची सभा! ऐकणाऱ्यांत बहुसंख्य कष्टकरी, निरक्षर. तरीही वक्ता त्यांची कीव करीत नाही, त्यांच्यासाठी विषय सोपा करून पातळ करीत नाही. आपण जे करीत आहोत ते जगाच्या इतिहासात कोठे बसते, हे समजून घेण्याची त्यांची पात्रता आहे असे तो गृहीत धरतो. या भाषणाचे वाङ्मयीन मोल माझ्या मते येथे आहे. श्रोत्याचा असा मान राखणारे वक्तृत्व आपल्याकडे फार थोडे आहे.

आणि याच भाषणात तळ्याचा अर्थ पालटण्याचे बीज आहे. 'आम्हांला पाणी द्या' अशी मागणी असती तर ती एका जमातीची मागणी झाली असती. वेगळी विहीर खणून देऊन ती भागविता आली असती, आणि तसे कितीतरी गावांत भागविलेही गेले. महाडची मागणी वेगळी होती. माणसामाणसांतले नाते कोणत्या पायावर असावे, हा तो प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर सवर्णांनाही तितकेच हवे होते, मग त्यांना ते त्या वेळी कळले असो वा नसो. जे एकट्याचे आहे त्यातून ऐक्य निघत नाही. जे सर्वांच्या हिताचे म्हणून मागितले, तेच पुढे सर्वांचे होऊ शकते.

याची साक्ष त्या मांडवातच होती. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण घरांतली माणसे त्या लढ्यात होती. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते. परिषदेनंतर बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण करून राहणी, पेहराव आणि शिक्षण यांविषयी त्यांना आवाहन केले. तेव्हा ऐक्य नंतर केव्हातरी, भांडण मिटल्यावर आले, असे समजणे चूक आहे. महाडचे ऐक्य भांडणाच्या आतच जन्मले होते. तळ्याभोवतीची खरी रेषा जातीजातींतली राहिली नव्हती. ती रेषा आता समता मानणारे आणि न मानणारे यांच्यामधली झाली होती.

डिसेंबरातला आणखी एक प्रसंग या कथेत मला सर्वांत मोठा वाटतो, आणि भाषणांतून तो बहुधा गाळला जातो. परिषदेपूर्वी काही दिवस प्रतिपक्षाने दिवाणी दावा लावून मनाईहुकूम मिळविला होता. हजारो माणसे पाण्यावर जाण्याच्या निर्धाराने आली होती. आणि त्यांना सांगण्यात आले की न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबायचे. ती थांबली. मिरवणूक काढून, पाण्याला हात न लावता परतली. मार्चमधली ओंजळ शौर्याची होती. डिसेंबरातली रिकामी ओंजळ त्याहून कठीण होती.

ते थांबणे जवळजवळ दहा वर्षांचे ठरले. वादींचे म्हणणे असे की तळे स्पृश्यांच्या खाजगी मालमत्तेसारखे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची प्रथा अनादिकालापासून चालत आलेली आहे. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने, १९३३ साली ठाण्याच्या न्यायालयाने आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी हे म्हणणे अमान्य केले. जय झाला. परंतु निकालाची संहिता बारकाईने वाचली, तर एक गोष्ट ध्यानात येते. प्रथा अनादि असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. समजा, त्यांनी दोनतीन शतकांचा भक्कम पुरावा आणला असता, तर? म्हणजे जिंकले ते पुराव्याच्या उणिवेवर. समतेच्या तत्त्वावर निर्णय झालाच नव्हता. ही मोकळी राहिलेली जागा भरून निघाली ती २६ जानेवारी १९५० रोजी. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. आणि पंधराव्या अनुच्छेदात समतेच्या भव्य शब्दांबरोबर विहिरी, तलाव, स्नानघाट हे साधे शब्द आले. राज्यघटनेसारख्या गंभीर ग्रंथात तलाव कशाला, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर त्याला महाडची गोष्ट सांगावी. आता प्रथा किती जुनी हे विचारण्याचे कारणच उरले नाही.

ललित साहित्याशी ताडून पाहिले म्हणजे या घटनेचे वेगळेपण अधिक उठून दिसते. प्रेमचंदांची 'ठाकूर का कुआँ' ही १९३२ ची कथा अनेकांनी वाचली असेल. आजारी नवऱ्यासाठी गंगी रात्रीच्या अंधारात ठाकुराच्या विहिरीवर जाते. दार उघडल्याचा आवाज होताच दोर हातून सुटतो, ती पळून घरी येते, आणि पाहते तो नवरा तेच घाण पाणी पीत आहे. ही कथा थोर आहे. तिच्यातली भीती खरी आहे. पण तिच्यात माणूस एकटा आहे आणि रात्र आहे. महाडला दिवसाढवळ्या, हजारोंच्या रांगेत, नाव-गाव न लपविता माणसे पाण्यावर गेली, आणि तीही या कथेच्या पाच वर्षे आधी. येथे जीवन साहित्याच्या पुढे गेले होते. आपल्या मराठी कथेला त्याला गाठायला पुष्कळ काळ लागला. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. या लेखकांच्या शब्दांत जी ताठ मान दिसते, तिचा उगम शोधीत गेले तर वाट महाडवरून जाते.

आता 'ऐक्याचे प्रतीक' या शब्दांकडे परत येऊ. आज दरवर्षी २० मार्चला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे महाडला येतात, तळ्याच्या काठावर उभी राहतात, बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करतात. तळे खरोखरच सर्वांचे झाले आहे. पण आमची भाषणे ऐकताना कधी कधी शंका येते. त्यांत तळे असते, ओंजळ असते, ऐक्य असते; चाळीस रुपयांचे पाणी नसते, मांडवातली मारहाण नसते, एकशे आठ घागरी नसतात, दहा वर्षांचा दावा नसतो. 'झाले गेले विसरून आपण सारे एक झालो' असा सूर लागतो. ऐकणाऱ्याला वाटावे, ऐक्य आपोआप, काळाच्या ओघात, सज्जनांच्या शुभेच्छांनी आले.

याला मी तळ्याचे दुसरे शुद्धीकरण म्हणेन. पहिले शेणा-गोमूत्राने झाले, हे गोड शब्दांनी होते. पहिल्याचा हेतू दुष्ट होता आणि दुसऱ्याचा नाही, हा फरक मी विसरत नाही. पण परिणाम पाहिला तर दोन्हींत एक साम्य आहे : तेथे काय घडले याची आठवण पुसली जाते. ज्याने सोसले त्याला 'विसर' म्हणणे सोपे असते, आणि ज्याने सोसायला लावले त्याच्या नातवंडांना ते सोयीचेही असते. चवदार तळे आज ऐक्याचे प्रतीक आहे, ते तेथला दुभंग विसरल्यामुळे नव्हे. तो दुभंग उघडपणे नावानिशी सांगितला गेला, त्याच्याशी झगडा झाला आणि नंतर तो कायद्याने संपविला गेला, यामुळे ते ऐक्याचे झाले. आधी समता, मग ऐक्य, हा क्रम उलटा करता येत नाही. समतेवाचूनच्या ऐक्यात एकाने वाकायचे आणि दुसऱ्याने त्याला बंधुभाव म्हणायचे, एवढेच उरते.

कोणी म्हणेल, सणासुदीच्या दिवसांत, मुलेबाळे फराळाच्या ताटाभोवती बसली असताना हे कडू कशाला? याला माझे उत्तर असे की, आपली दिवाळी पाण्यानेच सुरू होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करण्यापूर्वी कारीट फोडण्याची चाल कितीतरी घरांत आहे. त्याचा कडवट रस जिभेला लावतात आणि मगच गोडाला हात घालतात. वाडवडिलांनी घालून दिलेला हा क्रम शहाणपणाचा आहे. मुलांना चवदार तळ्याची गोष्ट सांगताना तोच पाळावा. आधी घागरींची गोष्ट सांगावी, मग ओंजळीची, मग रिकाम्या ओंजळीने थांबलेल्या माणसांची. ती ऐकून एखाद्या मुलाने विचारले, 'आपल्या गावच्या विहिरीवर तेव्हा काय होते?' तर विषय बदलू नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत असते; त्यांना बोलते करावे. त्या पाण्याला चव कशाने आली, हे मुलांना त्यांच्याच तोंडून कळू द्यावे.